अबोल्यातल्या गोळ्या

रत्नमाला आणि तिची सासू भीमाबाई यांच्यातला अबोला बिबड्यांवरून सुरू झाला. बिबडे म्हणजे आपल्या खानदेशातले ज्वारीचे पापड. भीमाबाईंनी ते अमळनेरच्या पद्धतीने, ज्वारी भिजवून, कांडून, पीठ शिजवून, ओल्या फडक्यावर एकेक थापून केले होते आणि जयपूरच्या रेल्वे क्वार्टरच्या गच्चीवर वाळत घातले होते. मे महिना. म्हातारी शेजारी जरा टेकायला गेली आणि इकडे रत्नमालेचा धुणं धुऊन डोळा लागला. तेवढ्यात आंधी आली. जयपूरची आंधी काय असते हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. अर्ध्या तासाने गच्चीवर बिबडे कुठले आणि वाळू कुठली, हे कुणी ओळखून दाखवावं!

"आईने काही शिकवलं का गं तुला, का नुसती वाढवली?" भीमाबाई म्हणाल्या.

"मग खा आता वाळू!" रत्नमाला म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून दोघींची तोंडं एकमेकींना बंद. आठवड्याभरात निवळेल असं सुखदेवला वाटलं होतं. सुखदेव म्हणजे भीमाबाईंचा एकुलता एक मुलगा आणि रत्नमालेचा नवरा, रेल्वेत कॅरेज फिटर. पण आठवडा गेला, महिना गेला, पावसाळा आला तसा गेला, दोघींपैकी एकही मागे सरेना. एक शेर तर दुसरी सव्वाशेर. घरात दोनच खोल्या, त्यामुळे बोलल्याशिवाय चालायचं तर नाहीच. मग भीमाबाई भिंतीशी बोलू लागल्या. "आज अंघोळीला पाणी मिळेल असं दिसत नाही," असं भिंतीला सांगायचं. की रत्नमालेने स्टोव्हला सांगायचं, "पाणी केव्हाचं काढून ठेवलंय, दिसत नसेल तर त्याला मी काय करू?" भिंतीनेही ऐकलं, स्टोव्हनेही ऐकलं. त्या दोघांनी कधी तक्रार केली नाही.

पण ज्या गोष्टी भिंतीला सांगता येत नाहीत त्या सगळ्या सुखदेवच्या अंगावर येत. "तुमच्या मायला विचारा." "तुझ्या बायकोला सांग." तो बापडा दोघींच्या मधलं पोस्ट ऑफिस झाला होता. आणि पोस्ट ऑफिस कधी स्वतःचं मत देत नाही.

आता खरी गोष्ट ऑक्टोबरपासूनची. सुखदेवचं काम पिट लाइनवर. डबे उभे करतात, खाली खड्डा असतो, त्यात उतरून वाकून वर बघत ब्रेकचे सांधे ठोकायचे. चौदा वर्षं तेच केलेलं. ऑक्टोबरात त्याची कंबर धरली ती सुटेचना. सकाळी बूट घालायला वाकायचा तर आधी भिंतीला हात लावायचा. दवाखान्यात दाखवलं असतं तर डॉक्टरांनी त्याला सिकमध्ये, म्हणजे आजारी रजेवर, टाकलं असतं, हे तो जाणून होता. आणि सिकमध्ये जायची ही वेळ नव्हती. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मिस्त्रीची ट्रेड टेस्ट होती. त्यात बसला आणि पास झाला की खड्ड्यातून वर. मग वाकायचं इतरांनी, यानं वरून सांगायचं. एकदा का यादीतून नाव गेलं की पुन्हा यादी कधी निघेल ते देवच जाणे.

म्हणून घरात ठरलं की जानेवारीपर्यंत कसंही करून ओढायचं. म्हणजे ठरलं दोनदा. एकदा मायलेकांत आणि एकदा नवराबायकोत.

रत्नमाला शहरातल्याच मुरलीपुऱ्याला इंदुबाईंकडे गेली. इंदुबाई विम्याच्या ऑफिसातल्या साहेबांच्या बायको, साताऱ्याकडच्या. बाई मोठी हुशार. त्यांनी एका गोळीचं नाव सांगितलं, "आमच्या ह्यांचं डोकं धरतं ना, दोन घेतल्या की माणूस टुणटुणीत. कंबरेलाही चालते." रत्नमालेने ती तिथल्याच मेडिकलमधून घेतली, कॉलनीतल्या कुणाला कळू नये म्हणून. रोज डब्यात दोन चपात्यांच्या मध्ये कागदात गुंडाळून दोन गोळ्या, आणि रात्री झोपताना दोन. सुखदेवला सांगून ठेवलं, "आत्याबाईंना बोलू नका. नाहीतर भिंतीला ऐकवतील, की बघा, आता हिने माझ्या पोराची डॉक्टरी सुरू केली." सासूला ती आत्याबाई म्हणे, म्हणजे जेव्हा म्हणत असे तेव्हा.

हे झालं बायकोचं. आता आई.

भीमाबाईंचे गुडघे गेलेले. नवरा वारल्यावर त्या जयपूरला आल्या तेव्हापासून मुलाच्या कार्डावर त्यांना रेल्वेच्या दवाखान्यातून सांधेदुखीच्या गोळ्या मिळत. पांढऱ्या, सुट्या, कागदी पाकिटात. दिवसाला तीन, भरल्या पोटी. म्हातारीने हिशोब केला तो आईचा हिशोब. माझे गुडघे काय, आज आहेत उद्या नाहीत. पोराची कंबर चालली पाहिजे. तिने स्वतःच्या गोळ्या बंद केल्या, पदराच्या गाठीत बांधल्या, आणि पहाटे सुखदेव ड्यूटीवर निघाला की दारात चहाच्या कपाबरोबर दोन त्याच्या हातावर ठेवू लागली. एक संध्याकाळी. "तिला सांगू नकोस रे," म्हणाली. "म्हणेल, आता गोळ्यांवरही हिचाच हक्क."

स्वतः मात्र रात्रभर गुडघे चोळत बसायची. रत्नमालेला ते चोळणं ऐकू यायचं आणि तिला वाटायचं, दाखवतेय, मुद्दाम मला ऐकवतेय. माणसाचं मन एकदा वाकडं झालं की सरळ गोष्टही त्याला वाकडीच दिसते.

सुखदेवची कंबर सुधारली. न सुधारून सांगते कुणाला! रत्नमाला मनात म्हणे, माझ्या गोळीचा गुण. भीमाबाई मनात म्हणत, माझ्या. दोघी आपापल्या जागी खूष.

डिसेंबरात त्याच्या पोटात जळजळू लागलं. जेवताना अर्ध्यावर थांबायचा. रंग उतरला. गच्चीवर चढला की वरच्याच पायरीवर बसून दम खायचा. "हे मेलं तिखट," भीमाबाई भिंतीला म्हणाल्या, "इथली मिरची सोसत नाही माझ्या पोराला. हात आखडता घेईल तर शपथ." रत्नमाला स्टोव्हला म्हणाली, "पहाटे उठून रिकाम्या पोटी काळा कुळकुळीत चहा पाजायचा आणि मिरचीला नावं ठेवायची!" आणि दोघींनी त्याच्या पोटाची काळजी म्हणून काय करावं? गोळी सोडून बाकी सगळं बदललं. एकीने ताक सुरू केलं, दुसरीने मुगाची खिचडी. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

चौदा जानेवारीला तिथे पतंगांचा दिवस. अख्खं जयपूर गच्चीवर असतं. सकाळी दहापासून "वो काटा! वो काटा!" असा कल्ला चालला होता, वर रेडिओ, ढोल, थाळ्या. रत्नमालाही गच्चीवर होती, वाळलेल्या गोधड्या उचलायला, म्हणजे आभाळ बघायला. सुखदेव खाली मोरीत तोंड धुवायला गेला आणि तिथेच बसला. मोठी उलटी झाली. चहाचा चोथा असतो ना, तसली काळी. मग आणखी एक, आणि तिच्यात लाल.

भीमाबाई अंगणात धावल्या. आता सून वर आहे हे त्यांना माहीत होतं. नाव घेऊन एक हाक मारायची, बस्स. पण आठ महिन्यांची सवय जिभेवर दगड होऊन बसलेली. त्यांच्या तोंडून निघालं, "अहो, कुणी आहे का? कुणी या हो!"

रत्नमालेने ऐकलं. आणि तिला वाटलं, कुणाला तरी बोलावतायत, मला थोडंच. तिने आणखी एक गोधडी घडी केली. मग दुसरी केली. पुढे कितीतरी वर्षं त्या दोन गोधड्या तिला झोपेतही सोडणार नव्हत्या.

"रत्ने!" शेवटी खालून किंकाळीच आली. "रत्ने, धाव गं!"

शेजारचा नागनाथ, तो पार्सल ऑफिसात होता, त्याने रिक्षा आणली. भर रस्त्यात तुटलेले मांजे लोंबत होते, रिक्षावाला एका हाताने ते बाजूला करत चालला होता, आणि रत्नमालेच्या मांडीवर सुखदेवचं डोकं गार पडत चाललं होतं. भीमाबाई समोर बसल्या होत्या. वाटेत दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत, पण दोघींचे हात त्याच्या एकाच हाताला धरून होते.

दवाखान्यात डॉक्टर द्वारकाप्रसाद होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी नाडी बघितली, पापणी ओढून बघितली, सुखदेवला आत नेलं, नळी घातली, रक्त चढवायची तयारी सांगितली. मग बाहेर येऊन रत्नमालेसमोर कागद घेऊन उभे राहिले.

"पेट के अंदर खून बह रहा है," ते म्हणाले. "दर्द की कोई गोली खाते थे?"

रत्नमालेने हातातली पिशवी छातीशी धरली. ती म्हणाली, "कभी-कभी."

डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. कभी-कभीने काम भागणार नाही, म्हणाले. कोणती, किती, किती दिवस, हे कळलं नाही तर मी अंधारात दगड मारत बसेन. तेवढा वेळ तुमच्या माणसाकडे नाही. मग ते भीमाबाईंकडे वळले. "माताजी, आप कुछ देती थीं?"

भीमाबाईंना हिंदी येत नव्हती. दीड वर्षात त्या 'पानी' आणि 'भैया' यापलीकडे गेल्या नव्हत्या. त्यांनी आपल्या सवयीने समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि भिंतीलाच विचारलं, "काय म्हणतायत ते?"

दवाखान्याच्या भिंतीला मराठी येत नव्हती. आसपास ज्याला दोन्ही भाषा येतात असं एकच माणूस होतं.

"आत्याबाई," रत्नमाला म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "ते विचारतायत, तुम्ही ह्यांना दुखण्याची गोळी देत होता का?"

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा हात पदराच्या गाठीकडे गेला. गाठ सुटेना, ती दातांनी सोडवली. आतून सात पांढऱ्या गोळ्या निघाल्या.

"माझ्या गुडघ्याच्या. रोज तीन दिल्या. दिवाळीच्या आधीपासून. पहाटे दोन, संध्याकाळी एक." तिने सून ऐकतेय की नाही हेही बघितलं नाही, बोलतच सुटली. "सगळं सांग त्यांना. पाकीट माझं, गोळ्या माझ्या, चूक माझी. पोराच्या नोकरीला धक्का लावू नका म्हणावं. मला काय करायचं ते करा. मीच घातल्या त्याच्या पोटात."

रत्नमालेने ते हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलं: तीन, अडीच-तीन महिने. सुट्या गोळ्यांतली एक त्यांनी उचलून पाहिली आणि मान हलवली, जणू आता सगळं उमगलं.

आणि इथे रत्नमाला थांबली. खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं ते चांगलं नव्हतं. म्हातारीने आपल्या हाताने सगळा दोष पदरात घेतला होता. कुणी मागितला नव्हता, तिनेच दिला होता. आता रत्नमालेने फक्त गप्प राहायचं. गप्प राहायची तर तिला आठ महिन्यांची सवय होती. उद्या अमळनेरला कळलं असतं, कॉलनीत कळलं असतं, आई पोराला मारता मारता राहिली, बायकोने धावत दवाखान्यात आणलं. बिबड्यांचं सगळं फिटलं असतं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

"और मैंने चार," रत्नमाला म्हणाली. "अलग से. रोज चार."

चार हे हिंदीतही चारच. भीमाबाई गर्रकन वळल्या. भिंतीकडे नाही, तिच्याकडे.

"चार? कुठल्या चार गं?"

"मी देत होते. डब्यात दोन, झोपताना दोन. इंदुबाईंनी सांगितलेली, मुरलीपुऱ्याहून आणायची."

"अगं मग माझ्या तीन..."

"सात होत होत्या, आत्याबाई. रोज सात."

"अरे माझ्या माय!" म्हातारी मटकन बाकावर बसली. रत्नमालेने पिशवी चाचपली. मिठाच्या पुडीशेजारी गोळ्यांची अर्धी पट्टी होती. ती तिने डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी पट्टीवरचं बारीक इंग्रजी वाचलं, मग ती सुटी गोळी तिच्याशेजारी तळहातावर धरली. दोन्हीत मूळ औषध एकच आहे, म्हणाले. इकडे नाव दुसरं, रंग दुसरा, बाकी तेच. आणि या औषधाची एक खोड आहे, दुखणं मारतं पण पोटाच्या अस्तराला चरे पाडतं, रिकाम्या पोटी तर जास्तच. एकटं घेतलं, जेवणावर, सांगितलं तेवढंच, तर पुष्कळांना सोसतं. "लेकिन दो-दो जगह से, महीनों तक..." एवढं म्हणून ते थांबले. मग विचारलं, "आप दोनों एक ही घर में रहती हैं ना?"

रत्नमालेने मान डोलावली.

"काय म्हणाले ते?" भीमाबाईंनी विचारलं.

"विचारलं, आपण एकाच घरात राहतो का."

भीमाबाईंनी तोंडात पदर कोंबला आणि रडू लागल्या.

सुखदेवला रक्त चढवलं. पिट लाइनवरचे दोघे जण रक्त द्यायला आले, पतंगाच्या मांज्याने कापलेल्या बोटांनी. पहिला दिवस काही सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नळीतून लाल यायचं थांबलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे नीट उघडले आणि पहिली गोष्ट विचारली, "तारीख काय?"

रत्नमालेने सांगितली. टेस्ट दहा-बारा दिवसांवर होती आणि डॉक्टरांनी महिनाभर पलंग सोडायचा नाही म्हणून बजावलं होतं. सुखदेव वर पंख्याकडे बघत राहिला. यादी गेली, हे दोघांनाही कळलं. खड्डा आणखी किती वर्षं ते कुणाला माहीत.

मग रत्नमालेचा बांध फुटला. "अहो, पण तुम्हाला तर कळत होतं ना! माय पण देतेय, मी पण देतेय. आम्हाला माहीत नव्हतं, तुम्हाला तर होतं. एका शब्दाने सांगायचं नाही? आम्ही काय खाल्लं असतं तुम्हाला?"

सुखदेवने पाण्याची खूण केली. ओठ सुकले होते, तिने चमच्याने पाणी घातलं.

"तुझी नको म्हटलं असतं," तो हळूच म्हणाला, "तर तू म्हणाली असतीस, आईची चालते, माझी नाही. मायला नको म्हटलं असतं, तर ती म्हणाली असती, आता बायकोचीच गोळी लागू पडते. तुम्हा दोघींना समजावण्यापेक्षा गोळ्या गिळणं सोपं होतं."

त्याने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. रागाने नव्हतं म्हटलं. थकलेल्या माणसाने पिशवी खाली ठेवावी तसं म्हटलं.

रत्नमाला उठून बाहेर व्हरांड्यात आली. बाकावर भीमाबाई बसल्या होत्या, पाय पुढे लांब केलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. तीन दिवस त्या त्याच बाकावर होत्या.

"बोलला का?" त्यांनी विचारलं.

"बोलले."

"काय म्हणाला?"

रत्नमाला त्यांच्या शेजारी बसली. सांगावं की नाही, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिने सांगितलं, शब्द न् शब्द, काही न गाळता. झाकून ठेवण्याचे दिवस संपले होते. म्हातारी ऐकत राहिली. समोर कडुनिंबाच्या फांदीला एक फाटका पतंग अडकून फडफडत होता.

"बिबडे मेले," शेवटी भीमाबाई म्हणाल्या. "ज्वारीचेच तर होते."

"मला झोप लागायला नको होती."

"हो, नकोच होती." म्हातारीनेही सोडलं नाही. "पण मीही तुझ्या आईला मधे आणायला नको होतं."

रत्नमालेने कपाळ दोन्ही हातांनी धरलं. तीन दिवसांच्या जागरणाने डोकं फुटायला आलं होतं, आणि आता रडल्यावर तर जास्तच ठणकू लागलं.

"डोकं दुखतंय?" असं विचारतानाच भीमाबाईंचा हात सवयीने पदराच्या गाठीकडे गेला. गाठ नव्हती. चुरगळलेला रिकामा पदर तेवढा हातात आला. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने तो सोडला आणि हात पदराला पुसला.

"काही घेतलंस का सकाळपासून?" तिने विचारलं. "खरं सांग. इंदुबाईची बिंदुबाईची कसलीही."

"नाही, आत्याबाई. काही नाही."

"मग ये इकडे. दाबून देते."

रत्नमालेने सासूच्या दुखऱ्या गुडघ्याला धक्का लागणार नाही अशा बेताने डोकं तिच्या मांडीवर टेकलं. म्हातारीची बोटं खरखरीत होती, कपाळावर जोरात फिरत होती.

"लागतंय का गं?"

"नाही," रत्नमाला म्हणाली. "जरा डावीकडे."